कणीस सोडत नाही: सोलापुरातले चार दिवस

ताई दर डिसेंबरात फोन करते, "हुरड्याला ये." मी दर वर्षी "बघतो" म्हणतो. या खेपेला भाच्यानं तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या 'बघतो'च्या नादात आमची ज्वारी वाळून जाते." पोरगा पुण्यात बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टोमणे मारणं हा त्या अभ्यासक्रमात वेगळा विषय असावा. तर डिसेंबरचा शेवट, शनिवार ते मंगळवार असे चार दिवस ठरले. सोमवारी वेळ अमावस्या, म्हणजे उभ्या पिकात पूजा करून शिवारातच जेवायचा सण, येत होती आणि ती शिवारात बसून पाहायची एवढाच माझा हट्ट होता. बाकी सगळं भाच्याच्या हवाली.

पहिला दिवस, शनिवार: मोहोळ आणि ताईचं स्वयंपाकघर

पुण्याहून सकाळी सातला निघालो. पाटसला पोटपूजा. इंदापूर सोडलं आणि दोन्ही अंगांनी ऊस सुरू झाला. लहानपणी याच रस्त्यानं मामाच्या गावाला जाताना खिडकीतून नुसतं माळरान दिसायचं. उजनीचं पाणी फिरलं आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा साखर कारखान्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या, चुलीवर काळी पातेली, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. भाचा म्हणाला, "मामा, ऊस मूळ न्यू गिनीचा. त्याला पेरत नाहीत, कांडी लावतात. लावायची माणसानं, तोडायची माणसानं, उचलायची माणसानं. त्यानं स्वतः काहीही न करता पृथ्वी पालथी घातली."

"आणि चालतं कोण?"

त्यानं कोप्यांकडं बोट केलं. "बीडची माणसं."

(या रस्त्यानं गळीत हंगामात येणार असाल तर अंधार पडायच्या आत पोचा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. ऊस रस्त्याइतकाच काळा दिसतो आणि एकदम काचेपुढं येतो.)

मोहोळला चहाला थांबलो. गाव सोडून पुढं जाऊन थांबू म्हटलं तर भाचा ऐकेना. "मालदांडी इथली आहे मामा, इथंच चहा प्यायचा." मंगळवेढ्याची म्हणून आपण जी ज्वारी मागतो ती मालदांडी, सरकारी कागदावर एम ३५-१, ही मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवडली गेली. निवडली, तयार केली नाही, यावर त्याचा जोर होता. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या रानात जी गावरान ज्वारी होती, त्यातली चांगली कणसं वेगळी काढायची, एकेका कणसाची ओळ वेगळी पेरायची, टिकेल ती ठेवायची. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली बाई पुढच्या पेरणीसाठी कणगीत बी ठेवताना जे करत आली तेच, फक्त वहीत नोंद ठेवून. पुढं १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, त्यामागून आणखी आली, पावसाळी ज्वारीत त्यांनी मुसंडी मारली. रब्बीत मात्र नव्वद वर्षांची म्हातारी अजून ठाण मांडून आहे. कारण विचारलं तर कुणी उत्पादनाचे आकडे सांगत नाही. "भाकरी गोड आणि कडबा गोड", एवढंच सांगतात. घरातल्या माणसाचं आणि गोठ्यातल्या बैलाचं एकमत झालेलं वाण बदलणं सोपं नसतं.

सोलापुरात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. इथली थंडी पहाटेपुरती. दुपारी डिसेंबरातही शर्ट चिकटतो.

संध्याकाळी ताईनं शेंगा चटणीचा घाट घातला. सोलापुरात शेंगदाण्याला सरळ शेंगा म्हणतात आणि चटणी मिक्सरला लावणाऱ्याकडं दयेनं पाहतात. मंद आचेवर भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, सगळं उखळात. सुरुवातीला कोरडा भुगा होतो, मिक्सर तिथंच थांबतो. ताई थांबत नाही. दहा-बारा मिनिटांनी मुसळाचा आवाज बदलतो, ठक ठक जाऊन चप चप होतो. दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी उखळाच्या अंगाला धरू लागते. तेवढ्यात थांबायचं.

जेवताना भाच्यानं शाळा भरवली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचा; दोन जंगली जातींच्या संकरातून झालेला. फूल वर लागतं, मग त्याची आरी खाली वाकून मातीत घुसते आणि शेंग अंधारात धरते. मिरची अमेरिकेची. लसूण मध्य आशियाचा. भाकरी ज्वारीची, ज्वारी आफ्रिकेची.

भावजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे सोलापूरच्या चटणीत सोलापूरचं काय आहे बे?"

ताई भाकरी थापत होती, मागं न वळता म्हणाली, "उखळ."

तिची भाकरी मी फार जवळून पाहिली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते बांधून ठेवायचं ते गरम पाण्यानं आणि तळहाताच्या टाचेनं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. म्हणून इथं महिन्याचं दळण एकदम आणत नाहीत, आठवड्याचं आणतात. गिरणीत जाण्याचा वारसुद्धा त्या पिठानंच ठरवून दिलेला.

दुसरा दिवस, रविवार: मंगळवेढ्याचं काळं रान

पहाटे पाचला काचेवर दव होतं. बेगमपूरच्या पुलावर भीमेचं धुकं इतकं होतं की गाडी रांगत नेली. मंगळवेढ्याच्या अलीकडं भावजींच्या ओळखीच्या एका आबांचं रान. पंच्याहत्तरीच्या पुढचे, अंगात कोपरी, डोक्यावर टोपी आणि कानाला मफलर.

मी विचारलं, "आबा, विहीर कुठंय?"

"हितं कशाला हीर? ह्या रानाला पानी दावायचं न्हाई. हस्ताच्या पावसावर पेरायचं, मंग काढायलाच यायचं."

हे मला अतिशयोक्ती वाटली. आबांनी ज्वारीच्या दोन ओळींमध्ये टाचेनं माती बाजूला केली. वर बोटभर कोरडा भुगा, त्याखाली माती ओलसर आणि लोण्यासारखी. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. ही माती खोल आहे आणि पाणी धरून ठेवते. पण वाळली की तडकते, आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपं चालवून भेगा बुजवायच्या. "एक कोळपणी, अर्धं पाणी" ही म्हण मी पुस्तकात वाचली होती. तिचा अर्थ पायाखाली पहिल्यांदा आला. (चपला घालून येऊ नका. जिथं कोळपं फिरलेलं नसतं तिथं भेगेत पाऊल जातं आणि घोटा मुरगळतो. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ज्वारीच्या पानांनी हात कापतात आणि कुसळानं अंग खाजतं.)

रानात मधोमध माळा होता, पण माळ्यावर माणूस नव्हता. बांबूला टांगलेल्या एका छोट्या स्पीकरमधून आबांचाच आवाज येत होता. "हाऽऽ हूऽऽ हाऽऽ." नातवानं मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलेला. आबा आमच्याशी बोलत उभे आणि पलीकडून आबाच ओरडतायत. पहिले चार दिवस पाखरं बुजली, म्हणाले. आता त्या आवाजाच्या डोक्यावर बसून दाणे खातात. म्हणून गोफण अजून खांद्यावर आहे. आमच्यादेखत एक खडा सणसणत गेला आणि पोपटांचा थवा शेजाऱ्याच्या रानात उतरला. "आता त्यो मारंल," आबा समाधानानं म्हणाले.

मग भाच्यानं खिशातून भिंग काढलं. एक कणीस हातात घेतलं, त्यातला एक दाणा तुसासकट वेगळा केला आणि तुसाच्या बुडाशी जिथं तो दांडीला जोडलेला असतो तो सांधा दाखवला. केसाएवढा देठ. जंगली ज्वारीत दाणा पिकला की इथं पेशींचा एक थर सुटतो आणि दाणा तुसासकट आपसूक गळतो. गवताच्या दृष्टीनं तेच शहाणपण. पुढची पिढी जमिनीवर पडली पाहिजे. ज्वारीच्या काही ताटांत, म्हणजे झाडांत, हा थर नीट होत नसे. रानात असं ताट बिनकामाचं, त्याचं बी वरच अडकलेलं. पण माणूस कणसं तोडून घरी नेऊ लागला तेव्हा गळणारे दाणे वाटेत सांडले आणि अडून बसलेले घरी पोचले. पुढच्या वर्षी पेरले गेले तेच. शेकडो वर्षं हे चाललं, कुणी ठरवून केलं नाही.

पूर्व सुदानात कसाला भागात पाच हजार वर्षांहून जुन्या खापरांत याचे ठसे सापडलेत. कुंभारानं मातीत बळकटीला ज्वारीचं भुसकट मिसळलं, भांडं भाजताना भुसकट जळून गेलं, आकार उरला. त्या आकारांवरून कळतं की काही तुसं आपोआप गळलेली आहेत आणि काही ओरबाडून काढलेली. दोन्ही एकाच काळात. म्हणजे गळणारी ज्वारी न गळणारी होत असतानाचा नेमका क्षण खापरात अडकला. गंमत म्हणजे आबांच्या जुन्या घराच्या भिंतीतही मातीत भुसकटच कालवलेलं आहे. २०१२मध्ये असंही दिसून आलं की ज्वारी, भात आणि मका या तिघांत न गळण्यामागं एकाच जनुकातले बदल आहेत, आणि ते तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे झालेत.

आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे मानूस न्हाई आला तर ही हितंच हुबी वाळंल?"

"हो आबा. नाहीतर पाखरं नेतील."

"म्हंजे बसली म्हना की आपल्या जिवावर." थोडं थांबून त्यांनी तळहात पुढं केले. बोटांच्या बुडाशी घट्टे होते, जुन्या शिवणीसारखे. "आमी हिला इळा लावत न्हाई. मुळासकट उपाटतो. चार एकर उपाटली की हात असं व्हत्यात. आता गडी येत न्हाईत. पोरगं म्हनतं, ऊस लाव. कोन कुनाच्या जिवावर बसलंय, त्ये बी भिंगातनं बघ की जरा."

भाच्याला उत्तर सुचलं नाही. त्याच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट.

तोवर आगटी पेटली होती. जमिनीत हातभर खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं देठ वर ठेवून खुपसलेली. हुरड्यासाठी कडेच्या चार ओळी गुळभेंडीच्या. मालदांडीचा हुरडाही खातात, पण गुळभेंडीचा दाणा गोड आणि तूस लवकर सोडणारा. दाणा चिकातून पुढं सरकून हुरड्यात आला की आठ-दहा दिवसांची संधी असते. त्याआधी नुसतं दूध, त्यानंतर दाताला कडक. आबांच्या सूनबाई भाजलेलं कणीस तळहातात धरून चोळायच्या, फुंकर मारायच्या, की हिरवे वाफाळते दाणे ताटात. मीही चोळून पाहिलं. तीन कणसांत हात पोळले आणि ताटात निम्मं तूसच. वहिनी हसून म्हणाल्या, "दादा, तुम्ही खावा. चोळायचं आमच्याकडं सोपवा."

सोबत शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं, ओला हरभरा. (हुरडा खाऊन वर भसाभसा पाणी पिऊ नका, पोट धरून बसाल; ताक प्या. हुरड्याच्या पैसे देऊन जायच्या जागाही जिल्ह्यात भरपूर आहेत. डिसेंबरअखेर ते जानेवारी हा काळ. रविवार शक्यतो टाळा, त्या दिवशी कणसं घाईत करपवतात.)

खाताना १९७२ निघालं. ते निघतंच. आबा तेव्हा ऐन पंचविशीत, दुष्काळी कामावर खडी फोडायला. "मिलो आली तवा अमेरिकेतनं. लाल. भाकर थापली की मोडायची. जनावराचं खानं म्हनायचं लोक, पन खाल्ली." मिलो म्हणजेही ज्वारीच. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली, तिथं गुरांसाठी वाढवलेली आणि दुष्काळात आमच्या ताटात उतरलेली. आणि ज्या संकरित ज्वारीला गावोगावी "हायब्रीड" म्हणून नाकं मुरडली, तिचं बी करायला लागणारं नर-वांझ ताट, म्हणजे ज्यात पराग धरत नाही असं, १९५४ साली अमेरिकेत याच मिलोच्या वंशात हाती लागलं होतं. मराठीत "हायब्रीड" ही शिवी झाली. कुठलं पीक भाषेत कसं शिरेल सांगता येत नाही.

परतताना दामाजीपंतांच्या देवळात टेकलो. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून देणारे दामाजी, आणि विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन त्याचे पैसे भरणारा विठ्ठल. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण सकाळी ती माती पाहून आल्यावर कोठार इथंच का होतं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावातल्या दुकानातून पाच किलो घेतली, पण घ्यायच्या आधी भाच्यानं दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मोत्यासारखा गोल, पिवळसर झाक असलेला दाणा हवा. नाव मंगळवेढ्याचं आणि माल भलतीकडचा असंही होतं.

तिसरा दिवस, सोमवार: वेळ अमावस्या

सकाळी शहरात विचित्र शुकशुकाट, आणि अक्कलकोट रस्त्यावर मात्र गाड्या, टमटम, बैलगाड्या, सगळ्यांत डबे आणि बायका. या दिवशी गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. आकाश ढगाळ होतं. मला छान वाटलं, भावजी म्हणाले, "छान कशाचं? चार दिवस असंच राहिलं तर ज्वारीवर मावा येतो, पानांवर चिकटा पडतो." त्यानंतर ढगांची स्तुती मी मनातल्या मनात केली.

भावजींच्या मित्राचं शेत कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आपापसात दोन्हींची मिसळ. ज्वारीला कानडीत जोळ, सोलापुरातल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत जोन्ना, आमच्याकडं जोंधळा. तिन्ही शब्द एका ताटात बसल्यासारखे.

उभ्या ज्वारीतच एका जागी कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केली होती, कमरेएवढी. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव. वर नवी ओढणी. घरातल्या अव्वा, ऐंशीच्या असतील, दगडांपुढं बसून प्रत्येकासमोर केळीच्या पानाचा तुकडा मांडत होत्या. भाकरी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, भज्जी आणि मातीच्या माठात आंबील. हा सगळा स्वयंपाक बायकांनी आदल्या रात्री जागून केलेला. पुरुषांनी कोप बांधली. श्रमाची वाटणी कुणाच्या सोयीची हे मी तिथं बोललो नाही, इथं बोलतो.

पूजा झाली आणि "चर शिंपायला" निघाले. पुढं एक जण परडीत कालवलेलं अन्न घेऊन, मागं एक जण तांब्यात आंबील घेऊन. पिकाच्या कडेनं चालत एकानं घास रानात फेकायचा, दुसऱ्यानं शिंपडायचं. मराठी शेजारी ओरडत होते "ओलगे ओलगे सालम पोलगे", या घराचे शब्द कानडी वळणाचे, मला नीट धरता आले नाहीत. पोरं नुसतीच किंचाळत होती. मी अव्वांना विचारलं, हे कशासाठी? त्यांच्या नातसुनेनं भाषांतर केलं: "जोळ पोटुशी आहे. पोटात दाणा भरतोय. पोटुशीला खावंसं वाटतं, तर तिला अगोदर वाढायचं, मग आपण बसायचं."

काल भिंगातून जे पाहिलं होतं त्याच्या शेजारी हे वाक्य ठेवून मी बराच वेळ आंबील पीत बसलो.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून, ताक घालून आंबवलेलं. लसूण, जिरं, मीठ. थंडगार, किंचित झिणझिणणारी. पहिला पेला सभ्यपणे, मग मोजणं सोडलं. भज्जी हा प्रकार शहरात मिळणार नाही: तुरीचे ओले दाणे, पावटा, मटार, ओला हरभरा, शेंगदाणे, मेथी, जे जे त्या आठवड्यात रानात हिरवं आहे ते सगळं बेसन आणि आंबट घालून एकत्र शिजवलेलं. शिवाराची हजेरीच. त्यात पक्की भारतीय एकटी तूर. तिचं जंगली भावंड अजून ओडिशा-बस्तरच्या रानात आहे. हरभरा आग्नेय तुर्कस्तानातून आलेला, पण इथं इतका मुरलाय की अव्वांना हे सांगितल्यावर त्यांनी भाच्याकडं "पोरगं शिकून बिघडलं" अशा नजरेनं पाहिलं. आणि पुन्हा वाढलं. "ऊटा माड्री," म्हणजे जेवा. नको म्हणायचं कानडी मला येत नव्हतं, हे बरंच झालं.

जेवणानंतर त्यांनी मला एक बाटली दाखवली. आत चहाच्या रंगाचं पाणी. हरभऱ्याची आंब. रात्री हरभऱ्यावर स्वच्छ सुती कापड अंथरायचं, दव पडतं, पहाटे कापड पिळायचं. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं; झाड ते किड्यांना दूर ठेवायला करतं, आणि अव्वा ते पोटदुखीसाठी बाटलीत भरतात. एक थेंब जिभेवर ठेवला. कान हलले.

ज्वारीही तशी गरीब गाय नव्हे. गेल्या साली यांचा एक खोंड सुटून कोवळ्या फुटव्यात शिरला आणि त्याला किराळ लागली, म्हणजे विषबाधा झाली. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. ताट मोठं होईल तसं कमी होत जातं. डॉक्टर वेळेवर आला म्हणून खोंड वाचला. आज तोच खोंड शिंगांना रंग लावून कोपीबाहेर वाळका कडबा खात उभा होता.

(कुणाच्या तरी ओळखीनंच जा. हा तिकीट काढून पाहायचा कार्यक्रम नाही. रिकाम्या हातानं जाऊ नका आणि भरल्या पोटानं तर अजिबात जाऊ नका. तिथी मार्गशीर्ष अमावस्या, तारीख दर वर्षी बदलते.)

निघताना अव्वांनी दोन लिटरच्या बाटलीत आंबील भरून दिली. ही बाटली लक्षात ठेवा.

चौथा दिवस, मंगळवार: उपाशी ठेवलेली बाग

परतीला सकाळी बाजारात कडक भाकरी घेतली. पापडासारखी वाळवलेली ज्वारीची आणि बाजरीची भाकरी, महिनाभर टिकते, प्रवासाला फार उपयोगी. घेताना ढीगातली वरची नको, मधली मागा. वरच्या तुटलेल्या असतात. चटणी घेताना कागदावर चिमूट टाकून पाहा. तेलाचा डाग उठला तर कुटलेली.

मोहोळ तालुक्यात भाच्याच्या वर्गमित्राची डाळिंबाची बाग आहे. माझ्या डोळ्यांपुढं लालबुंद फळं होती. प्रत्यक्षात समोर निम्मी पिवळी पडलेली, पानं गाळणारी, आजारी दिसणारी झाडं. मी हळहळलो. मित्राचे वडील हसले. "आजारी नाहीत, उपाशी आहेत. आंबे बहाराचा ताण दिलाय."

डाळिंबाला सोडून दिलं तर ते वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं. बाजाराला ते चालत नाही. म्हणून पाणी तोडायचं, झाड सुकवायचं, उरलेली पानं इथरेल फवारून गाळायची, छाटायचं, खत द्यायचं आणि मग एक दिवस ठिबक सोडायचं. मरता मरता वाचल्यासारखं झाड एकदम फुलतं. मृग, हस्त की आंबे, कुठला बहार धरायचा हे पाणी आणि बाजारभाव पाहून माणूस ठरवतो. काल पोटुशी म्हणून पिकाला घास भरवणारी माणसं पाहिली, आज फुलावं म्हणून झाड उपाशी ठेवणारी. दोन्हीकडच्या आवाजात काळजी सारखीच होती.

जात भगवा. पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेला गणेश आणि रशियाकडून आलेला गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली. साल जाड, म्हणून लांबचा प्रवास सोसते. रोपं बियांची नाहीत, गुटी कलमाची. फांदीची साल काढून शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की कापून लावायचं. म्हणजे या बागेतलं प्रत्येक झाड, आणि शेजारच्या बागेतलंही, एकाच झाडाचा तुकडा. भाचा म्हणाला, "म्हणून तेल्या आला की सगळ्यांनाच येतो." तेल्या हा जिवाणूचा रोग, फळावर तेलाच्या थेंबासारखा डाग, मग चीर. या माणसानं पाच वर्षांपूर्वी तीन एकर बाग तेल्यापायी मुळासकट काढली होती. उसाचा पर्यायही होता. पण त्यानं पुन्हा भगवाच लावला. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५पासून. तिथल्या सल्ल्यानं आता बागेला विश्रांती देतो, कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करतो. "पोरांच्या शाळेची फी भगव्यावर आहे," तो म्हणाला. शीतगृहातली चार फळं त्यानं फोडून दिली. गोड होती, पण माझं लक्ष त्या निष्पर्ण झाडांवरून हलत नव्हतं.

दुपारी निघालो. ऊन कडक, काचा बंद. टेंभुर्णीच्या अलीकडं मागच्या सीटवर गोळी झाडल्यासारखा आवाज झाला. मी गाडी कडेला घेतली. बाटलीचं झाकण छताला आपटून खाली पडलं होतं आणि अव्वांची आंबील मागच्या काचेवर, सोलापुरी चादरीवर, पाच किलो ज्वारीच्या पिशवीवर आणि भाच्याच्या डोक्यावर समान वाटली गेली होती. उन्हात आंबणं थांबलं नव्हतं, वायू कोंडला होता. कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी केसांतून पीठ काढत म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं."

ज्वारी घरी आल्यावर गच्चीत वाळवली, वाचली. चादर दोनदा धुतली. गाडीला आठवडाभर ताकाचा वास येत होता. ताईला फोनवर सांगितलं तर पलीकडून आधी बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "झाकण सैल ठेवायचं असतं रे. जिवंत असते ती."